पाळणा घेऊन मी समुद्रावर गेले

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण बिचारी म्हणून माझ्याकडे बघू नका, मला ते मुळीच खपत नाही.

पोलादपूरच्या डोंगरातलं लाकूड आणून महाडच्या सुतारांनी मला घडवलं. सव गावच्या भागोजीने मला सावित्री नदीच्या तरीवर, म्हणजे माणसं पार नेण्याच्या कामावर, ठेवलं. बाजाराची माणसं, गरम पाण्याच्या कुंडांवर जाणारी माणसं, सगळ्यांना मी पलीकडे नेलं. दर उन्हाळ्यात भागोजी मला उपडी करून तेल पाजायचा. काठावर ऊन खाणाऱ्या मगरी माझ्या रोजच्या ओळखीच्या. बायका धुण्याला उतरण्याआधी थाळी बडवत आणि मगरी दूर सरत. आमच्याकडची ती रीतच होती.

१९५८ सालच्या पौषात गावातली ठकूबाई भागोजीकडे आली. तिची लेक चंद्रभागा बाणकोटपलीकडे समुद्रकाठी दिलेली. तिला प्रवास झेपेना, म्हणून ती सासरीच बाळंत झाली. पहिल्या बाळाचा पाळणा मात्र माहेरूनच जायला हवा होता आणि बारसं दोन दिवसांवर आलं होतं.

"पाळना नाय पोचला तर माज्या पोरीला जन्माचं ऐकावं लागंल रे," ठकूबाई म्हणाली.

"बानकोटाफुडं मी कंदी गेलो नाय," भागोजी म्हणाला. "पन चल गो, बघू."

ओहोटी धरून आम्ही निघालो, वाटेत एका गावी थांबलो. बारशाच्या सकाळी खाडीच्या तोंडाशी पोचलो, तर हे दाट धुकं! किनारा कुठे, खडक कुठे, काही कळेना. मोठ्या लाटा तळाला लागल्या आणि माझी सगळी ऐट उतरली. खरं सांगते, मी घाबरले.

इतक्यात 'फुस्स' झालं आणि शेजारीच एक काळी पाठ वर आली. मग दुसरी. मग पाच-सहा.

"मगर गो! बडव!" भागोजीने बांबू उगारला.

ठकूबाईने परात काढून पळीने बडवायला सुरुवात केली. पण पळायचं सोडून ती जनावरं जवळच आली! एक माझ्या तळाखालून सुळकन गेलं, माझ्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. दुसऱ्याने तर हवेत उडीच मारली. उडी मारणारी मगर भागोजीने कुठली पाहिली असणार? तो तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

"वाजवत ऱ्हावा!" धुक्यातून हाक आली. ठकूबाईचा जावई दत्ताराम किनाऱ्यावर वाट बघत उभा होता आणि परातीच्या आवाजावरून त्याला आमची जागा कळत होती. "डावीकडं खडक हाय! उजवीकडं घ्या!"

परात वाजत राहिली, दत्ताराम ओरडत राहिला, भागोजीने जीव खाऊन वल्हवलं आणि मी वाळूला लागले!

"मामी, मगरी नाय त्या," दत्ताराम सासूला हसत म्हणाला. "गादे हायत. कुनाला काय करत नाय." तुमच्या पुस्तकात त्यांना डॉल्फिन म्हणतात.

दुपारी बायकांची पाळण्याची गाणी थेट वाळूपर्यंत ऐकू आली. माझा आनंद पोटात मावेना. ठकूबाई मुद्दाम किनाऱ्यावर आली आणि तिने मला हळदकुंकू लावलं. परतताना गादे पुन्हा दिसले, तेव्हा भागोजीने बारशाच्या मूठभर घुगऱ्या पाण्यात सोडल्या. त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, पण मान तर दिला गेला.

आता भागोजी थकला आहे. मी आंब्याखाली उपडी पडून असते. मुलांनो, वर्षातून एकदा मला तेल पाजा, वाळवी झटका. आणि पाण्यात कुणी अनोळखी दिसलं, तर हात उगारण्याआधी घटकाभर नीट बघा. माझा तळ खिळखिळा झाला असेल, पण त्याच तळाखालून एक गादा गेला आहे. आहे अशी दुसरी होडी तुमच्या गावात?