आवळलेल्या कमरेचं चित्र

लोकांच्या कपड्यांवर हसून आमच्या घरची चूल पेटते. नवरा तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतो, त्यांचे छाप निघतात आणि त्या छापांत रंग भरते मी. दारात न मावणाऱ्या बाह्यांच्या बायका, टोपीखाली हरवलेले साहेब, सगळे माझ्या कुंचल्याखालून गेलेत. मला आता हसू येत नाही. पाठ दुखते, एवढंच.

यंदा टूम निघाली ती आवळलेल्या कमरेची. मागे नाड्या असलेला रुंद पट्टा घालायचा आणि श्वास अडकेपर्यंत ओढायचा. आमची थोरलीही त्यात पडली. जिना चढताना कठडा धरून थांबायची, ताटात अर्धं टाकून उठायची. मी कानीकपाळी ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"बोलून कुणी सुधारतं का? मी चित्रच काढतो," नवरा म्हणाला. त्याने बोटाएवढ्या कमरेची मुलगी कोरली, मोडून पडू नये म्हणून दोन हमालांनी धरलेली. चेहरा हुबेहूब आमच्या पोरीचा. "गाल पांढरेफटक ठेव," त्याने मला बजावलं.

मला नाही जमलं. पोटच्या पोरीच्या तोंडावर प्रेतकळा कशी फासू? मी गाल गुलाबी केले, ओठ लाल केले. छाप हातोहात खपले. समोरच्या शिंप्याने त्यातला एक आपल्या दुकानाच्या काचेला डकवला आणि पोरी त्याकडे बोट दाखवून तसलीच कंबर मागू लागल्या. आमची सगळ्यांत पुढे. वर म्हणते कशी, "बाबांनी किती छान काढलंय मला."

नवरा रागावला नाही. तोही थकलाय. "पुढचा गठ्ठा तरी मी सांगतो तसा रंगव," एवढंच म्हणाला.

आज दुपारी ती जिन्यातच बसली. तिला उठवेना. मी धरून वर आणली, घाम पुसला, पण पट्ट्याला हात लावू देईना. चेहरा पिवळट, ओठांना रंग म्हणून नाही. मी घाबरले, अगदी आतून घाबरले. काय करावं सुचेना, म्हणून तिच्यासमोरच रंगवायला बसले, आणि या खेपेला दिसलं तेच रंगवलं.

ती बघत होती. "आई, ही कोण?"

"तू."

"मी अशी नाही दिसत."

"आत्ता अशीच दिसतेस, बाळा."

तिने मान वाकडी करून छाप निरखला. मग खुर्ची टेबलाशी ओढून म्हणाली, "असले गाल बघून कुणी छाप घेणार नाही." तिने गुलाबी रंगाची वाटी जवळ घेतली, कुंचला उचलला. पण तिला वाकता येईना. पुन्हा वाकून पाहिलं, तरी कुंचला कागदाला टेकेना.

"आई, नाड्या जरा सैल कर. हात पोचत नाही."

मी सगळ्याच सोडल्या. तिने छाती भरून श्वास घेतला, खोकली आणि गाल रंगवू लागली. मी उरलेला सगळा गठ्ठा उचलून तिच्यापुढे ठेवला.