मला टेप म्हणाल तर याद राखा

मित्रांनो, ओळख नंतर करून देतो, आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. मी टेप नाही. माझ्या पोटात कुणी गाणी भरून दिलेली नाहीत. मी एक जुना लूप पेडल आहे, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात राहतो आणि समोर वाजलं तेवढंच पुन्हा म्हणतो. पदरचं काही घालत नाही.

दिसायला मी विटेएवढा लोखंडी डबा. वर पायानं दाबायची दोन बटणं, बाजूला दोन तोंडं. एका तोंडात गिटारची वायर जाते, दुसऱ्यात माइकची. माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. पहिला मालक नागपूरचा. त्यानं माझ्यासोबत फोटो पुष्कळ काढले, वाजवलं काहीच नाही. कंटाळला आणि मला विकून मोकळा झाला. तेव्हा मी वैजयंतीच्या हाती लागलो. हाती कसला, पायी लागलो.

वैजयंती मालेगावच्या गुलाबरावांची मुलगी. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. नागपूरला शिकत असताना तिला एका म्हाताऱ्या सरांनी गिटारवर जॅझ शिकवला. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण तिच्यावर काय वाजवायचं ते ऐन वेळी सुचेल तसं. त्याला मागे साथ लागते. शिकून ती घरी परतली, आणि इथे साथीला कोण? मालेगावात बेंजोवाला मिळेल, ताशेवाला मिळेल, जॅझचा बेस, म्हणजे खालचा जाड सूर, धरणारा कुठून आणायचा?

म्हणून मी. ती बटण दाबते, मी ऐकू लागतो. ती जाड तारांवर बेस वाजवते, पुन्हा दाबते, आणि मी तोच बेस फिरवत राहतो. मग त्याच्यावर ती ठेका चढवते, त्याच्यावर सूर, आणि शेवटी मनात येईल ते मोकळेपणी वाजवते. ऐकायला सोपं वाटतं ना? तिचा पाय पाव मात्रा जरी उशिरा पडला, तरी मी लंगडतो, आणि गाणं संपेपर्यंत लंगडतच राहतो. मी चूक झाकत नाही. माझा स्वभावच तसा आहे. मळ्यातलं काम आटपलं की ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत अनवाणी पायानं तासन्‌तास सराव करायची. माझ्या फटींत बसलेली काळी माती त्याच दिवसांची आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

पहिला कार्यक्रम जवळच्या केनवडला झाला. तिथे तिनं एक चूक केली. मी साथ फिरवत होतो, तिच्या घशाला कोरड पडली, म्हणून तिनं गिटार सोडून तांब्या तोंडाला लावला. झालं. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "पाह्य बाप्पा, बाई पाणी पेऊन राह्यली अन् गानं वाजूनच राह्यलं. टेप लावली हाय मांगून." उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक हसत हसत उठून गेले. मला इतका संताप आला, मित्रांनो, पण मला स्वतःचा आवाज नाही. जे ऐकलं तेवढंच मी बोलू शकतो.

ती बातमी आमच्याआधी मालेगावच्या भाजीबाजारात पोचली. गुलाबराव घरी आले ते तोंड पाडून.

"पोरी, मी चाळीस वर्सं झाले मेथी इकतो. जुडीच्या आत कदी पिवळा पाला घातला नाही. अन् तू लोकाईले फसवून राह्यली?"

"नाही, बाबा. या, वाजवून दाखवतो तुमाले."

"मले काय समजते त्यातलं? लोकाईले पटव. येत्या मेळाव्यात गान्या-नाचाची स्पर्धा हाय, तिथं वाजव. तवाही कोनी खोटं म्हटलं, तर हे यंत्र इहिरीत टाकतो अन् गिटारचं नाव घरात नाही घ्याचं."

त्यानंतर महिनाभर मी बारदान्याखाली पडून होतो. उंदरांनी वायर कुरतडली. वैजयंतीनं ती चिकटपट्टीनं जोडली आणि मला मेळाव्याला नेलं.

मेळावा मालेगावातच, भर दुपारी. गुलाबराव दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. वैजयंतीनं बेस भरला, मी फिरवू लागलो. ठेका तोंडानं धरायचा म्हणून तिनं बटण दाबलं आणि ती माइककडे वाकली. एवढ्यात सूत्रसंचालक जगदेव सर लगबगीनं आले. पाहुणे आले की चालू कार्यक्रम थांबवून त्यांचं नाव पुकारायचं, ही आपल्याकडची रीतच. सरांचा माइक बंद पडला होता, म्हणून त्यांनी तिचाच ओढला. "आताच आपल्यामध्ये माननीय पंजाबराव यांचं आगमन झालेलं आहे. जोरदार टाळ्या."

टाळ्या झाल्या. पंजाबरावांनी उठून हात जोडले. मी मात्र ऐकत होतो. वैजयंतीचा पाय मला थांबवायला उठला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग तिनं बरोबर समेवर बटण दाबलं. मी ऐकलेलं इमानदारीनं म्हटलं: "आताच आपल्यामध्ये माननीय पंजाबराव यांचं आगमन झालेलं आहे. जोरदार टाळ्या." सवयीनं लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पंजाबराव पुन्हा उठले, पुन्हा हात जोडले. तिसऱ्या खेपेला ते अर्धे उठून बसले आणि मांडव हसून लोटपोट झाला.

"बंद कर ते," जगदेव सर ओरडले.

"सर, हे तुमीच आता बोलले," वैजयंती म्हणाली. "मी घरून टेप भरून आनली असती, तर तुमचा आवाज त्याच्यात कुठून आला असता?"

हसू थांबलं, माना मंचाकडे वळल्या. मी थांबलो नव्हतो. मी पंजाबरावांचं आगमन फिरवतच होतो, आणि तिनं त्याच बोलांवर गिटार सोडली. माझ्यातले सर एक वाक्य बोलत, ती तारांवर त्याला उत्तर देई, दर खेपेला वेगळं. असलं वाजवणं टेपेच्या बापाला जमणार नाही.

जगदेव सर चिडून माझी वायर उपटायला वाकले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून गुलाबराव उठले, थेट मंचावर चढले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"सर, तुमचं बोलून झालं. आता माह्या पोरीले बोलू द्या."

ती बोलली, मित्रांनो. मनसोक्त बोलली. पहिलं बक्षीस मात्र पेन ड्राइव्हवरच्या गाण्यावर नाचलेल्या मंडळाला मिळालं, आणि त्यांना कुणी टेप म्हणालं नाही. बक्षीस न्या खुशाल.

मला जपा, पुसून कपाटात ठेवा, असलं काही मी मागणार नाही. कपाट मी नागपूरला भोगलं आहे. मागणं एकच आहे. एखादी बाई एकटी चौघांचं वाजवताना दिसली, तर तिच्या मागे कोण लपलंय ते शोधायला धावू नका. मागे कुणी नसतं. खाली मी असतो, आणि माझ्यावरचा पाय तिचाच असतो.