तेरड्यावर पांढरी रेघ

दाराच्या कुलुपाने पीं पीं पीं पीं केलं, मग आपली ती टुकार धून वाजवली, आणि ईसलच्या हातातला ब्रश सरावाच्या प्लॅस्टिकच्या हाताच्या अंगठ्यावरून घसरून थेट टेबलावर गेला. त्याआधी घर इतकं शांत होतं की पांढरी रेघ उमटल्याचासुद्धा आवाज आला असता. कुलूप उघडायचा आकडा तिघांनाच ठाऊक होता. तिला, नवऱ्याला आणि सासूबाईंना. नवरा कारखान्यात होता.

"जिवंत आहेस का गं, दानबीच्या आई?"

सासूबाईंचं नाव मल-जा. कोरियनमध्ये मल म्हणजे शेवट. घरात मुलींची रांग लागल्यावर 'आता पुरे' हे वरच्याला कळावं म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. वरच्याला कळलं नाही. तिच्या पाठीवर आणखी दोघी आल्या. तेव्हापासून ठासून सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, अशी मल-जाबाईंची खात्री झाली होती.

त्यांच्यामागून दानबी बूट भिरकावत आत आली. पाच वर्षांची ही पोर काल रात्री आजीकडे झोपायला होती, कारण आज दुपारी तिच्या आईची परीक्षा होती. परीक्षा म्हणजे सरकारी नव्हे. बाजाराजवळ प्यो मॅडमचं नखांचं दुकान आहे. तिथे नोकरी हवी असेल तर मॅडम एकच सांगतात, "हात तुमचा तुम्ही आणा आणि माझ्यासमोर जेलच्या रंगात फ्रेंच नखं करून दाखवा." नख फिकट गुलाबी, टोकाला पांढरी चंद्रकोर. त्या चंद्रकोरीच्या कडेला धंद्यात हसरी रेघ म्हणतात. ती सफाईदार आली की नोकरी; नाही आली की बार्लीचा चहा पाजून बोळवण.

ईसलला ही नोकरी हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती. दानबी झाल्यापासून ती फक्त 'दानबीची आई' होती, आणि प्लॅस्टिकची बोटं सोडून तिला ईसल म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती बोटंही काही म्हणत नव्हती म्हणा.

आणि हात ठरला होता सासूबाईंचा. जन्मभर किमचीचं तिखट लोणचं कालवूनही या बाईची नखं बदामासारखी लांबट, रेखीव. देव कुणाच्या हातावर काय ठेवेल, सांगता येत नाही.

"आई, हात दाखवा बघू. साफ करून ठेवते."

"आधी ही काकडीची किमची आत ठेव. तुझ्या फ्रीजमध्ये नुसता उजेड असतो."

"आई. हात."

मल-जाबाईंनी हात पुढे केले. दहाच्या दहा नखं नारिंगी! नखंच काय, बोटांची पेरंसुद्धा, जणू तिखटाच्या रश्श्यात बोटं बुचकळून आल्या होत्या.

"आई, बघ!" दानबीने आपलेही पंजे नाचवले. "मी आणि आजी सेम टू सेम!"

तेरडा. आजीच्या गल्लीत कुंड्यांमधून ऐन भरात आलेला. फुलं ठेचायची, तुरटी घालायची, नखांवर थापून रात्रभर दोऱ्याने बांधायची. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं ज्याने म्हटलं त्याने तुरटी घातली नसावी. हा रंग नखाच्या आत शिरतो आणि नखाबरोबरच वाढून जातो.

"आज माझी परीक्षा आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं की. म्हणून तर हात छान करून आणले."

"अहो, मला कोरे हात हवे होते!"

"अडुसष्ट वर्षांच्या बाईचे हात कोरे असतात होय? पोरीने हट्ट धरला, तिला बांधलं. मग म्हणाली, आजी तूपण. नाही म्हणू?"

ईसलने ॲसिटोनची बाटली उपडी केली. घासघास घासलं. कापूस पांढरा राहिला आणि सासूबाई "कातडी ठेव गं, ती माझ्या माहेरची आहे" म्हणत राहिल्या. शेजारीण गावाला गेलेली. मैत्रिणीने फोन उचलला नाही. स्वतःच्या हातावर करायचं तर रेघ ओढायला तिसरा हात लागला असता.

सासूबाईंनी हे मुद्दाम केलं असेल का? नोकरीचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "का, लोकांना स्वतःची नखं नाहीत रंगवता येत?" आणि मुळा चिरायला लागल्या होत्या. पण हात मागितला, तर लगेच हो म्हणाल्या होत्या. ईसलने ही शंका गिळली आणि पेटी उचलली.

"चला. पण दुकानात तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"मी कधी बोलते?" मल-जाबाई म्हणाल्या.

प्यो मॅडमच्या दुकानात शेजारच्या कोंबडीवाल्याच्या तळणाचा वास आणि ॲसिटोनचा वास एकमेकांत जिरलेले होते. मॅडमनी चष्मा नाकावर ओढला आणि हातांकडे न बघताच समोरच्या टेबलाकडे बोट केलं. दानबीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून, हातात दह्याच्या पेयाची बाटली देऊन ईसल कामाला लागली.

कानस फिरवली, कडेची कातडी मागे सारली, बेस लावला. मग तिने ठरवलं, झाकायचं. दाट दुधी गुलाबी रंग अंगठ्यावर चांगला जाडसर थापला आणि अंगठा जेल वाळवायच्या दिव्याखाली सरकवला.

"आई गं! भाजतंय! अगं जिवंतपणीच जाळतेस की काय सासूला!"

जेल जाड लावलं की दिव्याखाली तापतं. हे ईसलला झोपेतही ठाऊक होतं. अंगठा बाहेर काढला तर रंग उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, आणि सायीखालून नारिंगी छटा दात काढून हसत होती.

"शब्द काढायचा नव्हता," ईसल दातांतून म्हणाली.

"मी ओरडले. ओरडणं शब्दात धरत नाहीत."

कोपऱ्यात दानबी खुदकन हसली. ईसलने पोरीकडे पाहिलं. बाटली धरलेली ती चिमुकली नारिंगी बोटं, कशाचीही लाज नसलेली. मग तिने अंगठा पुसून काढला आणि दुधी बाटलीचं झाकण लावलं. झाकायचं नाही. नितळ जेल, पातळ थर, खाली तेरडा आहे तसा.

हे धाडस नव्हतं, मूर्खपणाच होता. गुलाबी नखावर पांढरी रेघ जरा चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नारिंगीवर केसाएवढी थरथर गावभर ओरडून सांगते. तिने श्वास धरला. बारीक ब्रशने एका कडेपासून मधे, दुसऱ्या कडेपासून मधे. ओल्या ब्रशने कड पुसली. दिवा. पुढचं बोट. मल-जाबाईंचा हात तिच्या हातात होता, आणि जन्मात पहिल्यांदा तो गप्प होता.

दहाव्या नखावरून जेलचा उरलेला चिकटपणा पुसला, तेव्हा प्यो मॅडमनी हात स्वतःच्या मुठीत घेतला आणि उजेडाकडे वळवला.

"हा खालचा नारिंगी रंग कुठल्या नंबरचा?"

ईसल टेबलावरचा कापूस गोळा करायला लागली.

"बाटलीतला नाही तो," मल-जाबाई म्हणाल्या. "माझ्या कुंडीतला आहे."

"तेरडा? या वयात?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर पहिलं प्रेम मिळतं म्हणे. कोण मिळणार आहे आता तुम्हाला, आजी?"

"तो मेलाय. तरी आला, तर हिच्या आजोबांच्या फोटोला हार घालीन आणि निघून जाईन."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा घसरला. तो सावरून त्यांनी पुन्हा एकेक रेघ पाहिली; एका करंगळीवर जरा थांबल्या, मग तीही सोडून दिली.

"नारिंगीवर लपायला जागा नव्हती तुला," त्या ईसलला म्हणाल्या. "सोमवारपासून ये. सकाळी दहाला यायचं, रात्री आठला सुटायचं. शनिवारी सुट्टी मागायची नाही. नाव काय तुझं?"

"ईसल," ती म्हणाली, आणि स्वतःचं नाव ऐकून ते तिने पुन्हा एकदा म्हटलं.

बाहेर ऊन तापलं होतं. मल-जाबाई पुढे चालल्या होत्या, बोटं पसरून, वाटेतल्या मुळेवालीला, फुगेवाल्याला, ज्याला त्याला नखं दाखवत. सोमवारबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. ईसलने दानबीचा हात धरला होता. तो दह्याच्या पेयाने चिकचिकत होता.

"आई, आठ म्हणजे माझी झोपायची वेळ ना?"

"हो गं राणी. पण मी धावत येईन."

दानबी थोडा वेळ फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत राहिली. मग म्हणाली, "काल बोटं बांधताना आजीने मला विचारलं होतं, आई रोज दिवसभर गेली तर तुला चालेल का म्हणून."

ईसल थांबली. "मग तू काय सांगितलंस?"

"चालेल म्हटलं. तर आजी रडायलाच लागली. मग म्हणाली, आण इकडे, माझीही बोटं बांधून टाक. मी नव्हतं म्हटलं, आजी तूपण म्हणून." दानबीने मान वर करून आईकडे पाहिलं. "मी काय म्हणायला हवं होतं, आई?"