सात हातांचा गाळ

दिवाळी उलटली की आमच्या गावाचा पाट कोरडा करून उपसायचा, आणि मगच गव्हाला पाणी सोडायचं. पांझरा नदीच्या बंधाऱ्यातून निघालेला हा पाट बेचाळीस घरांचा. प्रत्येक घराला सात हात. ज्याचे सात हात त्यानंच उपसायचे. दुसऱ्यानं त्यात फावडं घालायचं नाही. घालायचं ते एकाच वेळी. एखादं घर बसलं, दिवा लावायलाही कोणी उरलं नाही, तर बाकीची सगळी घरं मिळून त्याचा गाळ काढतात, काठावर नारळ फोडतात आणि त्या घराचं पाणी नदीला परत देतात. म्हणून जित्या माणसाच्या पाटात फावडं घालणं म्हणजे त्याच्या दारात तिरडी बांधणं. आणि एका घराचे सात हात राहिले, तरी बंधाऱ्याचं दार उघडत नाही.

एकोणीसशे एकतीसच्या त्या साली एकेचाळीस घरांचा पाट तासून लख्ख झाला. मधोमध सात हात तेवढे लव्हाळ्यानं भरलेले राहिले. काठावर ताईबाई बसली होती. पदर खोचलेला, फावडं मांडीवर आडवं.

ताईबाई लोटन पाटकऱ्याची बायको. पाटकरी म्हणजे पाण्याचा राखणदार. कोणत्या वावराचं बारं, म्हणजे पाटाच्या काठातलं पाण्याचं तोंड, कधी फोडायचं, कधी बुजवायचं, ते त्यानंच ठरवायचं. वावराच्या धन्यानं पाण्याला हात लावायचा नाही, मग तो पंच का असेना. लोटन अनवाणी पायानं ओल जोखायचा. गायीमागं वासरू यावं तसं पाणी त्याच्या मागं मागं यायचं.

त्या चैतात उसाला पाणी कमी पडलं. पाळी शेवटच्या वावरांची होती. भर दुपारी गिरधर नानानं, बंधाऱ्याच्या मुख्य पंचानं, आपल्या हातानं बारं फोडून पाणी आपल्या उसात घेतलं. शेवटचा ऊस उभा करपला. लोक ओरडले तेव्हा निंबाखाली बैठक बसली. नाना म्हणाला, "बारं लोटननं फोडलं. मी मागितलं नव्हतं. वर माझ्याच दारात गुळाच्या दोन भेल्या मागायला आला."

निम्म्या गावानं नानाचं पांढरं पागोटं त्या बाऱ्यावर वाकलेलं पाहिलं होतं. पण गावात गुऱ्हाळ एकच, तेही नानाचं. प्रत्येकाचा ऊस शेवटी त्याच्याच चरकात जायचा. आम्ही मातीत काड्यांनी रेघा ओढत बसलो. लोटनच्या हातातलं फावडं काढून घेतलं, आणि तो धुळ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. ताईबाईनं तेव्हा हूं की चूं केलं नाही. आम्हाला वाटलं, गिळलं बाईनं.

गिळलं नव्हतं. तोंडात धरून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी चुडामण आबा तिच्याकडं गेले. पंचांत सगळ्यांत म्हातारे तेच.

"ताई, उपस ना व माय. गहू वाट देखी ऱ्हायना."

"देखू द्या, आबा. मीबी सा महिना देखी."

"तुनाबी गहू शे ना त्यामा?"

"शे ना. मना जयी तवय बठ्ठासना जयी." आपला जळेल तेव्हा सगळ्यांचाच जळेल, हा हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती गायला लागली. जात्यावर गावं तसं, सावकाश, कोणाकडं न बघता:

*पाटमातला गाळ बाई, फावडाघाई निंघी जाई,*
*जीभवरला गाळ काढाले, फावडं कोनकडे नाही.*

बायका पाण्याला जाताना ती ओवी ऐकायच्या आणि घरी येऊन भाकरी थापताना नकळत गुणगुणायच्या. घरोघर नवरे चिडायचे. चिडून करतात काय? रानात गहू वीतभर झाला होता आणि टोकाकडून पिवळा पडत होता.

चौथ्या दिवशी सकाळी नूर महंमद तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पाटाच्या शेवटाला वावर असलेला, चैतात ज्याचा ऊस जळला तो.

"भाभी, मैंने देखा था. नाना का हाथ था. मेरा ऊस जला, फिर भी मैं चुप बैठा."

"माले कसाले सांगतस, भाऊ? मी तं तवयच जाने. निंबखाले सांगा."

तो निंबाखाली गेला आणि सांगितलं. त्याच्यामागं सुकदेव गेला. मग रुपचंद. मग रांगच लागली. ताईबाईनं फावडं खांद्यावर टाकलं आणि तीही निंबाखाली येऊन बसली. नुसतं 'पाहिलं' म्हणून ती कोणाला सोडत नव्हती.

"कोठे उभा व्हता तू?"

"बांधवर."

"हातमा काय व्हतं?"

"इळा."

"नि मंग घर जाईसन काय करं?"

"जेवनू."

"काय जेवना?"

माझी पाळी आली. मी चिंचेखाली उभा होतो, हातात भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा होता, आणि नानाला पाहूनही मी ती भाकरी शेवटपर्यंत खाल्ली होती. सगळं सांगावं लागलं. ठेच्यासकट. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. ताईबाई हसली नाही. मान हलवून म्हणाली, "बरं. पुढला."

दुपारी नाना आला. हातात फावडं. निंबाकडं न वळता तो तडक पाटावर गेला. आम्ही मागं धावलो.

"एक बाई गावले वेठीस धरस! नि तुमी माना खाले घालीसन पोपटसारखा बोलतस!" असं ओरडत तो ताईबाईच्या सात हातांत उतरला. घोट्यापर्यंत गाळ. फावडं उचललं.

ताईबाई काठावर येऊन बसली.

"घाला, नाना. मी जित्ती बठेल शे, मना डोयासमोर मनं घर मारा. पन एकला गाळ काढीसन व्हत नही. नारय फोडाले एकेचाळीस घरं लागतस. हाका मारा. देखूत कितला येतस."

नानानं फावडं तसंच वर धरून मागं पाहिलं. त्यानं नावं घेऊन हाका मारल्या. सुकदेव, रुपचंद, मी. ज्याचा ऊस गुऱ्हाळात जाणार तो प्रत्येक जण तिथं होता, आणि प्रत्येकाचे पाय जागच्या जागी होते.

"गिरधर," चुडामण आबा म्हणाले, "फावडं खाले ठेव."

ते खाली आलं. नाना काठाकडं निघाला तशी ताईबाई उठली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला एकेरीत बोलावलं.

"तठेच उभा ऱ्हाय. गाळमाच. नि सांग."

तो पुटपुटला.

"आवाज शेवटला वावरपावत जाऊ दे," ती म्हणाली.

"बारं मी फोडं."

"नि भेल्या?"

"लोटननी काहीच मांगं नही. मी खोटं बोलनू."

तिनं ते तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा बोलताना नानाच्या तोंडाला फेस आला होता. मग आबांनी लोटनला आणायला बैलगाडी धाडली, आणि ताईबाई पाटात उतरली.

आम्हाला वाटलं, आता घटकाभराचं काम. पण ती लव्हाळ्याची एकेक काडी खुडत होती. अर्धं टोपलं भरायचं, काठावर चढायचं, गाळ टाकायचा, टोपलं झटकायचं, पदरानं तोंड पुसायचं, मग पुन्हा खाली. मदतीला कोणाला जाता येत नव्हतं. बंधाऱ्यापाशी माणूस दाराला हात लावून तयार. एकेचाळीस घरं काठावर उभी.

"ताई, जराशी घाई कर व."

"बाईना हात शेतस, आबा."

लोटन आला तेव्हा उन्हं कलली होती. खडीच्या धुळीनं पांढरा झालेला. आबांनी पाटकऱ्याचं फावडं त्याच्या हातात दिलं, झालं ते सांगितलं. वाकून त्यानं गव्हाचं एक पातं बोटांत धरलं, चोळलं, आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला.

"उरक ना व," तो बायकोला म्हणाला. "आज पानी लागनं पाहिजे. पिकना काय गुन्हा?"

"तुम्ही बसा."

"अव, पन..."

"सा महिना दगड फोडात ना? मंग बसा."

तो बसला. दिवस डोंगराला टेकला तेव्हा अजून तीन हात गाळ शिल्लक होता. ताईबाई वर आली, पाय पुसले, फावडं खांद्यावर घेतलं.

"उरेल ते सकाय," ती म्हणाली, आणि नवऱ्याला पुढं घालून घराकडं निघाली.