तक्त्यात न मावलेली अट

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, माझी पानं कागदाची नाहीत, वासराच्या कातड्याची आहेत. युरोपातल्या ब्रुज शहरातल्या एका कारागिराने ते कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवलं, चौकटीवर ताणलं आणि उजेड आरपार दिसेपर्यंत खरवडलं. मग मला लाकडी पुठ्ठे लागले, वरून डुकराच्या कातडीचं वेष्टण चढलं आणि कालव्याकाठच्या धर्मभगिनींच्या मठात माझी रवानगी झाली.

मठाला लोक घरं देत. कुणी मरताना देई, कुणी लेक मठात आली म्हणून देई. प्रत्येक घराला माझ्यात एक पान असे. वरच्या ओळींत घराची जागा, शेजार, लांबी-रुंदी. खाली, बारीक अक्षरात, देणाऱ्याची अट. ‘माझ्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी दर वर्षी चर्चमध्ये एक मिस्सा-प्रार्थना व्हावी.’ ‘अंगणातलं नासपतीचं झाड तोडू नये.’ मला त्या खालच्या ओळी फार आवडत.

एकतिसाव्या पानावर मेंढी गल्लीतलं घर होतं. एका विधवेने ते दिलं होतं. तिची आई लेस विणता विणता आंधळी झाली होती. म्हणून तिने अट घातली होती: ‘तळमजल्याच्या दोन खोल्यांत, विणकामाने दृष्टी गेलेल्या दोन बायकांनी मरेपर्यंत राहावं. घर पुढे कुणाकडेही गेलं तरी त्यांना कुणी उठवू नये.’

दीडशे वर्षं ही अट पाळली गेली. एक बाई वारली की दुसरी येई.

माझी शेवटची राखणदार सिस्टर आमेलबेर्गा. मठाबाहेर जायची परवानगी असलेल्या दोघींपैकी ती एक. दर शरद ऋतूत ती मला काखेत मारून घरं बघायला निघे. कुठे कौल सरकलंय, कुठे पन्हळ गळतेय, सगळं बघे. मेंढी गल्लीत तेव्हा पेट्रोनेल आणि यास्पेरिना राहत होत्या. दोघींनाही दिसत नसे. पेट्रोनेलची जीभ मोठी तिखट.

“या सिस्टर, या. आमच्याकडे दिवा लागत नाही, म्हणजे मठाचं केवढं तेल वाचवतो बघा आम्ही!”

“तेल वाचवता आणि कोळसा जाळता दुपटीने,” आमेलबेर्गा म्हणे.

“म्हाताऱ्या हाडांना दिसत नसलं तरी गारठा बरोबर कळतो हो!”

बोलता बोलता पेट्रोनेल घरभर फिरे, कपाटातून पेले काढे, चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उचले. कधी कशाला धडकली नाही.

मग सतराशे त्र्याऐंशी साल उजाडलं. ज्या मठांत नुसती प्रार्थना चालते, शाळा नाही की दवाखाना नाही, ते बंद करावेत, असा सम्राटाचा हुकूम आला. सरकारी अधिकारी येणार म्हटल्यावर म्हातारी सिस्टर रोसालिया आमेलबेर्गाच्या कानाशी लागली. “त्या वहीला वाफ्यात पूर. कोबीखाली कोण बघतंय?”

“पुरली तर अट कोण वाचणार?” आमेलबेर्गा म्हणाली. “या वहीत लिहिलंय म्हणून तर त्या दोघी निर्धास्त आहेत. मी ती स्वतःच्या हाताने देणार.”

आणि तिने दिली. फान हेक्के नावाचा अधिकारी भोजनगृहातल्या लांब मेजावर बसून माझं एकेक पान उतरवत होता. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. एकतिसावं पान त्याने पाच मिनिटांत संपवलं.

“साहेब, खालची ओळ राहिली,” आमेलबेर्गा म्हणाली. “अटीची.”

त्याने आपला छापील तक्ता तिच्यापुढे सरकवला. “वरून आलाय हा. जागा, लांबी, रुंदी, भाडं. आता तुम्हीच दाखवा सिस्टर, अट कुठे लिहू?”

“समासात लिहा.”

“समासात लिहिलं तर वरचे साहेब मलाच समासात बसवतील!” तो म्हणाला, आणि शेजारचा कारकून हसला.

मठाला कुलूप लागलं. बहिणी पांगल्या. मला इतर मठांच्या वह्यांबरोबर एका दमट गोदामात टाकलं. माझ्यावर वह्या, त्यांच्यावर वह्या. काही दिवसांनी मी आमेलबेर्गाचा आवाज ऐकला. मेंढी गल्लीतलं घर गुरुवारी लिलावात निघणार होतं. ती कचेरीत गेली तर तिला सांगण्यात आलं, आधी पान दाखवा, मग बोलू. पान सरकारच्याच गोदामात आहे, म्हणाली तर म्हणे, मग शोधा.

“चारशे वह्या आहेत बाई,” गोदामाचा राखणदार म्हणाला. “सगळ्या एकाच कातडीच्या. तुमची ओळखणार कशी?”

“अंधारात हाताने ओळखीन.”

ती रोज येई. उसना तपकिरी घागरा नेसून ढिगारे उपसत बसे. मी तळाशी होते. तिचा खोकला मला ऐकू येई. मित्रांनो, आम्हा वह्यांना अक्षरं असतात, आवाज नसतो. त्याचं दुःख मला तेव्हा कळलं. बुधवार गेला. गुरुवार गेला. मी तिच्या हाती लागले ती शनिवारी दुपारी.

राखणदाराला दया आली. संध्याकाळपर्यंत परत आणायच्या बोलीवर त्याने मला तिच्याबरोबर जाऊ दिलं. घर माटेउस क्लाइस नावाच्या बिअर गाळणाऱ्याने घेतलं होतं. त्याने ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि डोकं खाजवलं.

“लिलावात हे कुणी वाचून दाखवलं असतं, तर मी बोलीच लावली नसती. आता माझी पिंपं उघड्यावर पडलीत, बाई. ईस्टरपर्यंत राहू देत त्यांना. त्याहून जास्त माझ्याने होणार नाही.”

पुढचं मला आमेलबेर्गाच्याच तोंडून कळलं. जूनमध्ये ती पुन्हा गोदामात आली, राखणदारासमोर बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. ईस्टरनंतर यास्पेरिनाला तिची भाची घेऊन गेली. पेट्रोनेलला कुणी नव्हतं. आमेलबेर्गाने तिला आपल्या भाड्याच्या खोलीवर नेलं. निघताना पेट्रोनेलने चुलीवरून, खिडकीच्या कडीवरून, दाराच्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “सिस्टर, या घरात मला डोळे होते.”

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पेट्रोनेलला तिथलं काहीच सापडेना. सारखं विचारायची, दार कुठे, पाणी कुठे. एका सकाळी आमेलबेर्गा पाव आणायला गेली असताना ती जिन्यावरून पडली. तीन दिवस जगली.

“मीच दिली वही,” आमेलबेर्गा म्हणाली. “मला वाटलं होतं, ते वाचतील.”

मग तिने लेखणी मागितली.

“सरकारी वहीत लिहायचं नसतं, बाई,” राखणदार म्हणाला. मग तो उठला. “मी जरा कोळसा घेऊन येतो. शाई त्या खिडकीत आहे.”

तिने एकतिसावं पान उघडलं आणि अटीच्या खाली लिहिलं: ‘पेट्रोनेल दे विट, लेस विणणारी. या घरात एकोणीस वर्षं राहिली. तिला उठवलं.’ खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

आता मी शहराच्या दप्तरखान्यात आहे. इथे हवा कोरडी आहे, कुणी मला जोरात उघडत नाही. अभ्यासक येतात, कोणतं घर कुठे होतं ते बघतात, लांबी-रुंदी टिपून घेतात आणि पान उलटतात. जुन्या वह्या अशाच जपा, मित्रांनो. उंदीर, वाळवी, ओल यांपासून आम्हाला वाचवा. पण आणखी एक मागणं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या कचेरीत बसेल, आणि समोर एखाद्या घराचा तक्ता येईल. त्या घरात कोण राहतं, हे लिहायला त्यात रकाना नसेल, तर तेवढ्यावर थांबू नका. पट्टी घ्या आणि एक रेघ जास्त ओढा.