मासिबियाच्या घराभोवतीची रानलसूण

बायको गेली त्याच उन्हाळ्यात झोंडींच्या चुलीमागे नाग निघाला. शेजारीण मासिबियाने काठी आपटून तो बाहेर घालवला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणातले रानलसणीचे गड्डे आणून दिले.

"भिंतीलगत लावा बाबा, चांगल्या उन्हात. वासानं साप फिरकत नाही."

"आणि माणसं?"

"माणसं तशीही कुठं येतात तुमच्याकडं?"

उभं आयुष्य खाणीत काढलेल्या झोंडींनी कधी काही लावलं नव्हतं. अंघोळीचं पाणी घालता घालता पात दाट झाली, जांभळे तुरे डोलू लागले. हिवाळ्यातही ती हिरवीच राहिली. संध्याकाळी मासिबिया बटाट्यात घालायला पात कापून नेई. तिच्या स्वतःच्या भिंतीशी वीतभर दाट पात होती, पण झोंडींनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. ती यायच्या वेळेला ते कोट घालून बसत.

मग तिचा पाय सुजला. मुलगा, बोंगुमुसा, तिला डर्बनला घेऊन गेला.

"बरी झाले की येते," गाडीत बसताना ती म्हणाली. "तोवर माझ्याही घराभोवती पाणी घाला. आणि कोट धुवा जरा."

झोंडींनी कोट धुतला. दोन्ही घरांभोवती पाणी घातलं. तिची वाळलेली फुलं खुडली, दाटी झालेले गड्डे सुटे करून तिच्या दाराशी लावले. ऋतू पालटला.

एका सकाळी बोंगुमुसा ट्रक घेऊन आला आणि आईच्या घराच्या छपराचे पत्रे उतरवू लागला. झोंडींनी शिडी धरली.

"आई आता आमच्याकडंच राहणार, बाबा," वरून तो म्हणाला.

"बरं झालं. पाय?"

"चालते घरातल्या घरात. बाल्कनीत बसते."

झोंडींनी एक गड्डा मातीसकट डब्यात भरून आणला. "बाल्कनीत ऊन येत असेल तर लाव म्हणावं."

बोंगुमुसाने वास घेतला आणि अवघडून हसला. "बायको भांडेल हो. पुढच्या वेळी नेतो."

ट्रक गेला. न्यायचं आता काही उरलं नव्हतं, तेव्हा तो परत येणार नाही हे झोंडींना कळलं. डबा तसाच उन्हात ठेवून त्यांनी बादली भरली आणि बिनछपराच्या घराभोवती पाणी घालायला गेले.