उतारावर एकटी

"आई, मागे पाच गाड्या खोळंबल्यात," तळ्याच्या उतारावर थोरला गाडीच्या काचेवर टकटक करत म्हणाला.

"मला डोळे आहेत. मदत करणार नाहीस म्हणालास ना? मग सल्लाही देऊ नकोस."

अट त्याचीच. एकटीने होडी तळ्यात उतरवायची, एकटीने परत ट्रेलरवर चढवायची, कुणाचा खोळंबा करायचा नाही. जमलं तर होडी राहील, नाहीतर संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन नेईल. सून चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी. पाण्यावर मला कुणी 'तुम्ही बसा हो' म्हणत नाही.

हे जाऊन वर्ष झालं. चाळीस वर्षं ह्यांचं नाव होतं: एकटा माणूस, पण चार मिनिटांत होडी पाण्यात! एकटा म्हणे. दोरी धरून गुडघाभर पाण्यात मी उभी असायचे, ती मी म्हणजे बहुतेक खुंटी.

रीत मात्र मला पाठ. तयारी वरच, बाजूला उभं राहून करायची. पट्टे सोडायचे, तळाचं बूच घट्ट बसवायचं, सामान आत ठेवायचं. उतारावर येऊन टोप्या नि डबे शोधणाऱ्यांना मी ह्यांच्यादेखत सुनावलं आहे. नडत होतं ते एकच, गाडी मागे घेणं. ते ह्यांनी मला कधी करू दिलं नाही. महिनाभर शाळेच्या रिकाम्या मैदानात शिकले, पण इथे लोकांच्या नजरेसमोर ट्रेलर रुसलेल्या जावयासारखा आडवा झाला.

मी गाडी वर काढली आणि रांगेच्या शेवटी निघाले.

"आजी, इथेच परत लावा की! थांबतो आम्ही," पाठच्या गाडीतला ओळखीचा गवंडी ओरडला.

"चुकले मी, वेळ तुमचा का जावा?"

"संपलं का मग?" थोरल्याने विचारलं.

"रांगेत उभी आहे. सरणावर नाही."

दुसऱ्या खेपेला स्टिअरिंगचं चाक खालून धरलं. तिथून हात जिकडे, ट्रेलर तिकडे. होडी तरंगली. तिला धक्क्याला बांधून गाडी लगेच वर नेऊन लावली आणि तासभर तळ्यात हिंडून आले.

परतताना वारा आडवा होता. ट्रेलर पाण्यात घातला, होडी त्याच्यावर आणली, होडी ओढणारी दोरी गुंडाळायचं हँडल फिरवू लागले. शेवटचे दोन वेढे काही केल्या बसेनात. खांदा पेटला. मागे पुन्हा रांग. गवंडी खाली आला, पण होडीला शिवला नाही.

"आजी, हात लावू?"

"विचारलंस, बरं केलंस. नको."

पाय ट्रेलरला रेटला. अर्धा वेढा. श्वास. अर्धा वेढा. असं करत होडी जागेवर बसली. पट्टे वर जाऊनच बांधले. मग गाडीत येऊन बसले.

थोरल्याने घड्याळ पाहिलं, मग रांगेकडे. कुणी भोंगा वाजवला नव्हता. त्याने फोन काढला.

"येऊ नका हो. होडी विकायची नाही." मग माझ्याकडे वळून, "आई, उतर ना. चहा घेऊ."

"तू हो पुढे."

उजवा खांदा इतका भरून आला होता की दाराची कडी ओढवेना, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. तो चहाच्या टपरीशी पोचेपर्यंत मी डाव्या हाताने फडकं घेऊन समोरची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.